जेली शॉट्स: थर्टी फर्स्टच्या ट्रेमधला रंगीत कप, त्यात लपलेला पेग आणि महाराष्ट्राचा कायदा

लाल, हिरवा, केशरी. बोटभर उंचीच्या प्लास्टिकच्या कपात थरथरणारी जेली. दिसायला लहान मुलांच्या वाढदिवसाचा खाऊ, पण आत व्होडका किंवा रम. याला म्हणतात 'जेली शॉट'.

डिसेंबर उजाडला की इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर याचे रील्स फिरू लागतात. जेलीचं पाकीट, फळांच्या चवीचा सोडा, थोडी दारू आणि फ्रीज. तीस सेकंदांत कृती संपते. पूर्वी हा प्रकार मुंबई-पुण्याच्या पबपुरता होता. आता साहित्य कोणत्याही तालुक्याच्या बाजारात मिळतं आणि रील तर सगळ्यांच्याच फोनवर पोहोचतं.

त्या तीस सेकंदांत काही गोष्टी मात्र सांगितल्या जात नाहीत. एका कपात दारू किती? ती चढते कधी? हे शाकाहारी आहे का? घरी असं काही करायला परवाना लागतो का? आणि उरलेले कप फ्रीजमध्ये राहिले, तर सकाळी ते कोणाच्या हाती लागतात?

हे सगळं समजून घ्यायला सुरुवात एका साखर कारखान्याच्या गावापासून करावी लागेल.

अंकुशनगर आणि पार्टीतली दारू यांचा संबंध काय?

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात महाकाळ्याजवळ अंकुशनगर आहे. समर्थ सहकारी साखर कारखान्याची ही वसाहत. जालन्याचे माजी खासदार अंकुशराव टोपे यांच्या नावावरून ती ओळखली जाते. गोदावरीकाठचा ऊस गाळपासाठी इथे येतो.

साखर कारखान्यातून फक्त साखर बाहेर पडत नाही. उसाचा रस आटवून साखरेचे दाणे वेगळे केले की मागे एक काळा, दाट, चिकट पदार्थ उरतो. ती मळी. एक टन ऊस गाळला की साधारण १०० किलो साखर आणि ४० ते ४५ किलो मळी मिळते. या मळीत अजूनही साखर असते, पण तिचे दाणे काढणं परवडत नाही.

मग मळीत पाणी आणि यीस्ट घालून ती आंबवली जाते. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल तयार करतं. डिस्टिलरीत ऊर्ध्वपातन केलं की शुद्ध अल्कोहोल वेगळं होतं. शेवटच्या टप्प्यातल्या एक टन मळीतून सव्वादोनशे लिटरच्या पुढे अल्कोहोल निघतं. म्हणजे एक टन उसामागे, साखर काढून झाल्यावरही, साधारण १० लिटर.

याच अल्कोहोलचे अनेक रस्ते फुटतात. पाण्याचा अंश पूर्ण काढला की ते पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल होतं. काही औषधं, रंग, सॅनिटायझर यांच्या कारखान्यांत जातं. आणि अधिक शुद्ध केलेलं अल्कोहोल मद्यनिर्मितीला जातं. आपल्याकडच्या रमचा पाया मळीच. स्वस्त व्हिस्की-व्होडकासाठीही मळीचं किंवा धान्याचं अल्कोहोल वापरलं जातं.

थोडक्यात, जेली शॉटमधली साखर आणि त्यातली दारू या दोन्ही गोष्टी एकाच उसातून आलेल्या असू शकतात. मोळी एकच, पण साखरेचं पोतं कोणीही उचलू शकतं आणि अल्कोहोलच्या प्रत्येक लिटरचा हिशेब सरकार ठेवतं. जेली शॉटमध्ये ही दोन्ही पुन्हा एकत्र येतात आणि तिथे हिशेब सुटतो.

जेली शॉट आला कुठून?

हा शोध रील्सचा नाही. १८६२ साली अमेरिकेत जेरी थॉमस या बारटेंडरचं पेयं बनवण्याचं पुस्तक आलं. त्यात 'पंच जेली' नावाची कृती आहे. कृतीसोबत एक इशाराही आहे. जेलीमुळे दारूचा जोर इतका बेमालूम लपतो की लोक नकळत जास्त खातात आणि जेवणानंतर त्यांना धड नाचताही येत नाही, असा त्या इशाऱ्याचा आशय.

विसाव्या शतकातली एक गोष्ट याहून प्रसिद्ध आहे. अमेरिकन गणितज्ञ आणि विनोदी गीतकार टॉम लेहरर १९५० च्या दशकात लष्करात होते. तळावरच्या ख्रिसमस पार्टीत मद्यपेयांवर बंधनं होती. ती चुकवण्यासाठी आपण व्होडका घालून जेली केली, असं त्यांनी नंतर एका मुलाखतीत सांगितलं होतं. लेहरर यांचं जुलै २०२५ मध्ये निधन झालं, तेव्हा हा किस्सा पुन्हा चर्चेत आला.

दोन्ही गोष्टींत एक समान धागा आहे. जेलीचं काम दारू लपवणं हे होतं. एका ठिकाणी ती पिणाऱ्यापासून लपली, दुसऱ्या ठिकाणी पहारेकऱ्यापासून.

जेली धरते कशी?

पायाचं सूप फ्रीजमध्ये ठेवलं की सकाळी ते थिजून थरथरू लागतं. ते थिजवणारा पदार्थ म्हणजे जिलेटीन. जनावरांची हाडं आणि कातडी यांत कोलॅजेन हे प्रथिन असतं. ते पाण्यात बराच वेळ तापवलं की त्याचं जिलेटीन होतं. गरम पाण्यात जिलेटीनचे धागे सुटे असतात. गार होताना ते एकमेकांत अडकून जाळी विणतात आणि पाणी त्या जाळीत अडकतं.

यातून पहिला मुद्दा निघतो. जिलेटीन शाकाहारी नाही. माळकरी घरात, उपवासाला किंवा धार्मिक कारणाने ठराविक मांस वर्ज्य असलेल्या पाहुण्यांना हे सांगितलंच पाहिजे. पाकिटावरची खूण पाहणं हा सोपा उपाय. हिरवी खूण असलेली जेली बहुधा समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या पदार्थांनी धरते. खरवसासाठी किंवा पुडिंगसाठी काही घरांत वापरतात ते चायना ग्रास, म्हणजेच अगर-अगर, हेही शेवाळापासूनच मिळतं.

दोघांच्या वागण्यात फरक आहे. जिलेटीनची जेली साधारण ३० ते ३५ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून ती तोंडात विरघळते. मे महिन्यात मराठवाड्यात ती ताटातच विरघळेल. चायना ग्रास मात्र एकदा धरला की ८० अंशांच्या पुढे तापवल्याशिवाय वितळत नाही. तो चावावा लागतो.

दुसरी गंमत फळांची. मटण लवकर शिजावं म्हणून कच्च्या पपईचा तुकडा घालतात, कारण पपईतलं पेपेन हे द्रव्य प्रथिनं तोडतं. जिलेटीनही प्रथिनच. म्हणून ताजी पपई, ताजा अननस किंवा किवी घातला तर जिलेटीनची जेली धरतच नाही. डब्यातला अननस चालतो, कारण डबाबंद करताना तो तापवलेला असतो आणि त्यातलं हे द्रव्य निकामी झालेलं असतं. चायना ग्रासला ही अडचण नाही.

सोड्याचंही तसंच. सोडा उकळला की त्यातला वायू उडून जातो आणि उरतं ते फक्त गोड पाणी. म्हणून जेलीची पूड गरम पाण्यात विरघळवून घेतात आणि मिश्रण निवल्यावर गार सोडा घालतात.

दारू घालण्याच्या वेळी काळजी घ्यावी लागते ती आगीची. ४० टक्के अल्कोहोलच्या दारूची वाफ साधारण २६ अंशांनाही पेट घेऊ शकते. पेटत्या शेगडीवरच्या पातेल्यात दारू ओतणं म्हणजे भडक्याला आमंत्रण. गॅस बंद करून, पातेलं शेगडीपासून दूर नेऊन, मिश्रण निवल्यावरच पुढचं काम.

'गरम मिश्रणात टाकली की दारू उडून जाते, उरतो फक्त वास' असाही एक समज आहे. तो चुकीचा आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार, उकळून आचेवरून उतरवलेल्या पदार्थात दारू घातली तर तिच्यातलं सुमारे ८५ टक्के अल्कोहोल तसंच राहतं. जेली शॉटमध्ये ते जवळपास सगळंच राहतं.

एका कपात नेमकी दारू किती?

इथे थोडं गणित. रील्सवर सर्रास दिसणारं एक प्रमाण घेऊया. जेलीचं एक पाकीट, २४० मिली गरम पाणी, १२० मिली सोडा आणि १२० मिली व्होडका. एकूण ४८० मिली. ३० मिलीचे १६ कप.

भारतात बहुतेक व्होडका-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के अल्कोहोल असं छापलेलं असतं. म्हणजे १२० मिलीमध्ये साधारण ५१ मिली शुद्ध अल्कोहोल. वजनात ४० ग्रॅम. ते १६ कपांत वाटलं तर प्रत्येक कपात अडीच ग्रॅम.

३० मिलीच्या एका छोट्या पेगमध्ये अंदाजे १० ग्रॅम अल्कोहोल असतं. म्हणजे या प्रमाणात चार कप खाल्ले की एक छोटा पेग झाला.

हे झालं मोजून केलेल्याचं. आता कोणी 'जरा कडक' म्हणून १२० ऐवजी २४० मिली व्होडका घातली आणि पाणी-सोडा तेवढाच कमी केला, तर प्रत्येक कपात ५ ग्रॅम अल्कोहोल येतं. दोन कप म्हणजे एक पेग. अर्ध्याहून जास्त भाग दारू असेल तर जेली सहसा नीट धरत नाही, पण तिथपर्यंत मर्यादा ताणणारे असतातच.

दोन्ही ट्रेमधले कप रंगाने, आकाराने, चवीने जवळपास सारखेच दिसतात. खाणाऱ्याला फरक कळायला काही मार्ग नाही. ग्लासात दारू घेणारा माणूस किमान बाटली बघतो, किती ओतली ते बघतो, पहिल्या घोटाला घसा जळतो, वास येतो. जेलीत साखर, आंबटपणा आणि गारवा या खुणा झाकून टाकतात. पहिल्या, साध्या ट्रेमधली जेलीही आकारमानाच्या साडेदहा टक्क्यांहून जास्त अल्कोहोलची असते. म्हणजे भारतात मिळणाऱ्या कडक बिअरपेक्षाही तीव्र.

वेळेचाही घोळ आहे. अल्कोहोल रक्तात प्रामुख्याने लहान आतड्यातून मिसळतं. रक्तातलं प्रमाण वर जायला अर्ध्या तासापासून तास-दीड तासही लागू शकतो. जेलीचा कप मात्र पाच सेकंदांत संपतो. 'काहीच होत नाहीये' म्हणत माणूस सहा-सात कप खातो आणि मग सगळे एकदम अंगावर येतात.

दारू महागली, जेली स्वस्त वाटते

१० जून २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवण्याचा निर्णय घेतला. लिटरमागे २६० रुपयांपर्यंत निर्मिती मूल्य जाहीर केलेल्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क त्या मूल्याच्या तीन पटींवरून साडेचार पट झालं. देशी दारूवरचं शुल्क प्रूफ लिटरमागे १८० वरून २०५ रुपये झालं. धान्यापासून बनवलेल्या 'महाराष्ट्र मेड लिकर' या नव्या वर्गालाही मान्यता मिळाली.

१८० मिलीच्या बाटलीचे किमान किरकोळ दर तेव्हा असे जाहीर झाले: देशी ८० रुपये, महाराष्ट्र मेड लिकर १४८ रुपये, भारतीय बनावटीचं विदेशी मद्य २०५ रुपये आणि उंची विदेशी मद्य ३६० रुपये. यातून वर्षाला सुमारे १४ हजार कोटींचा जादा महसूल मिळेल, असा सरकारचा अंदाज होता.

आता हे दर जेलीच्या ट्रेला लावून पाहू. २०५ रुपयांच्या बाटलीतली १२० मिली दारू म्हणजे साधारण १३७ रुपये. १६ कपांत विभागली तर कपामागे साडेआठ रुपयांची दारू. दहा जणांच्या पार्टीत पूर्ण बाटल्या परवडत नसतील, तर एका क्वार्टरमध्ये दोन डझन रंगीत कप भरतात. जेली शॉटचं आकर्षण फक्त दिसण्यात नाही, या हिशेबातही आहे.

महागाईचा दुसरा परिणाम जास्त घातक असतो. कायदेशीर बाटली महाग झाली की काही जण बिनलेबलच्या, 'ओळखीतून आलेल्या' दारूकडे वळतात. हातभट्टीत किंवा चोरट्या स्पिरिटमध्ये मिथेनॉल असेल तर ते वासाने वा चवीने ओळखता येत नाही. जेलीत तर मुळीच नाही. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक लोकांचे जीव घेतले. मिथेनॉलची लक्षणं काही तासांनी, कधीकधी दुसऱ्या दिवशी दिसतात: धूसर दिसणं, पोटात दुखणं, धाप लागणं. अशा वेळी 'हँगओव्हर असेल' म्हणून झोपवून ठेवणं जिवावर बेतू शकतं.

औद्योगिक अल्कोहोलवर नियंत्रण कोणाचं, हा वादही अलीकडेच सुटला. २३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने, औद्योगिक अल्कोहोलवरही कायदे करण्याचा अधिकार राज्यांना आहे असा निकाल दिला. कारखान्यातलं अल्कोहोल वाटेत गळून माणसांच्या पोटात जाणार नाही, हे पाहणं आता स्पष्टपणे राज्याचं काम आहे.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात दारूबाबतचा मूळ कायदा १९४९ चा आहे. तेव्हाचा मुंबई दारूबंदी कायदा, आताचा महाराष्ट्र दारूबंदी कायदा. नावातच बंदी आहे. म्हणजे नियम बंदीचा आणि परवाना हा अपवाद.

पहिली अट वयाची. बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षं, तर व्होडका, रम, व्हिस्की अशा मद्यासाठी २५ वर्षं. जेली शॉटमध्ये बहुधा व्होडका किंवा रमच असते. त्यामुळे कॉलेजातल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांची 'जेली पार्टी' कायद्यात बसत नाही. बावीस वर्षांचा अभियंता बिअर घेऊ शकतो, पण व्होडकाची जेली नाही.

दुसरी अट वैयक्तिक परवान्याची. दारू विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. एक दिवसाच्या परवान्याचं शुल्क विदेशी मद्यासाठी ५ रुपये, वर्षाचं १०० रुपये, आजीवन १००० रुपये. बहुतेकांना हे माहीत नसतं किंवा दुकानात कोणी विचारत नाही. पण कारवाई झाली की परवाना आहे का, हा प्रश्न येतोच.

तिसरी गोष्ट जागेची. घरच्या चार माणसांत एक आणि हॉल, फार्म हाऊस किंवा ढाब्यावर तिकीट लावून दुसरं. सार्वजनिक किंवा पैसे घेऊन होणाऱ्या कार्यक्रमात मद्य द्यायचं असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून तात्पुरता परवाना घ्यावा लागतो. विनापरवाना ढाब्यावर दारू प्यायची सोय करून देणाऱ्यावर कलम ६८ आणि तिथे बसणाऱ्यावर कलम ८४ लावलं जातं. घरी बनवलेले जेली शॉट्स व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घेऊन विकणं हा तर उघड उघड विनापरवाना मद्यविक्रीचा मामला.

वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे दारूबंदीचे आहेत. तिथे डब्यात घालून नेलेली जेलीही अडचणीत आणू शकते.

'पण ही तर दारू नाही, जेली आहे'

हा युक्तिवाद होणारच. गंमत म्हणजे त्याला थोडा आधारही दिसतो. कायद्यातल्या मद्याच्या व्याख्येत स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी आणि अल्कोहोल असलेले सर्व 'द्रव' येतात. जेली द्रव आहे का?

पण जेली होण्याआधी ती बाटलीतली दारूच असते. ती विकत घेतली, घरी आणली, बाळगली. परवाना तिथेच लागतो. आणि खाणाऱ्याच्या पोटात पोहोचताना ती पुन्हा द्रवच होते.

या व्याख्येवर देशात फार पूर्वी मोठी लढाई झाली आहे. दारूबंदीत औषधं आणि प्रसाधनंही अडकतात, या आक्षेपावरून एफ. एन. बलसारा यांनी मुंबई राज्याच्या कायद्याला आव्हान दिलं. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने व्याख्या व्यापक ठेवण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं वापरण्या-बाळगण्यावरची बंदी रद्द केली. अपवाद औषधाला मिळाला, खाऊला नाही.

इतर राज्यांतही यंत्रणांनी 'खायची दारू' दारूच मानली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये हैदराबादच्या एका पार्लरमध्ये व्हिस्की घातलेलं आइस्क्रीम विकलं जात असल्याचं उघड झालं, तेव्हा तिथल्या उत्पादन शुल्क विभागाने छापा घालून माल जप्त केला आणि गुन्हा दाखल केला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दोन मद्य कंपन्यांचा नाममुद्रेचा वाद सुरू असताना टेट्रा पॅकमधल्या दारूचा विषय निघाला. ज्यूसच्या खोक्यासारख्या दिसणाऱ्या या पाकिटांवर न्यायमूर्तींनी चिंता व्यक्त केली. मुलांच्या दप्तरातून ते सहज जाईल, हा मुद्दा होता. टेट्रा पॅकवर निदान इशारा छापलेला असतो. अन्न सुरक्षा नियमांनुसार ०.५ टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेल्या पेयावर वैधानिक इशारा बंधनकारक आहे. घरच्या जेलीच्या कपावर काहीच नसतं.

सगळ्यात मोठा धोका कोणाला?

१ जानेवारीची सकाळ. रात्रीची मंडळी झोपलेली. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उरलेले सात-आठ कप. तीन वर्षांचं मूल फ्रीज उघडतं. त्याच्या दृष्टीने ती जेलीच आहे, कारण वाढदिवसाला त्याने अगदी अशीच खाल्लेली आहे.

१२ किलो वजनाच्या मुलाने तीन कप खाल्ले, तर वजनाच्या हिशेबाने ते ६० किलोच्या माणसाने १५ कप खाल्ल्यासारखं आहे. म्हणजे एका बैठकीत जवळपास चार पेग. शिवाय लहान मुलांमध्ये अल्कोहोलमुळे रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते. झटके येऊ शकतात, शुद्ध हरपू शकते.

असं घडलं तर घरगुती उपाय करत बसू नये. उलटी करवू नये. १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट जवळचं रुग्णालय गाठावं. काय खाल्लं, किती खाल्लं आणि त्यात कोणती दारू होती, हे डॉक्टरांना लाज न बाळगता सांगावं. मोठ्या माणसाची शुद्ध हरपली असेल तर त्याला कुशीवर झोपवावं, एकटं सोडू नये. कॉफी, ताक, लिंबूपाणी यांनी रक्तातलं अल्कोहोल उतरत नाही.

दुसरा धोका रस्त्यावरचा. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यंत्रात फुंकर मारली की ते जेली आणि पेग असा भेद करत नाही.

अंकुशनगरसारख्या भागात याला आणखी एक पदर आहे. डिसेंबरअखेर म्हणजे गाळप ऐन भरात. रात्रभर उसाने लादलेले डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर कारखान्याकडे सरकत असतात. अनेकांना मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो, बैलगाड्यांना तर नसतोच. शुद्धीत असलेल्या माणसालाही अंधारात समोरची ट्रॉली उशिरा दिसते. 'मी प्यायलोच नाही, चार जेल्या खाल्ल्या' म्हणून दुचाकीला किक मारणाऱ्याला ती दिसेलच याची खात्री नाही. आणि खाल्लेली जेली नेमकी अर्ध्या वाटेवर चढायला लागते.

करायचेच असतील तर?

वय, परवाना आणि जागा या तिन्ही अटी पूर्ण होत असतील, तर उरते ती यजमानाची जबाबदारी. ती फार अवघड नाही.

दारू मापाने मोजावी आणि एका कपात किती आहे याचा हिशेब ट्रेजवळच चिठ्ठीवर लिहून ठेवावा: 'चार कप = एक पेग'. बाटली परवानाधारक दुकानातूनच घ्यावी.

दारूची जेली आणि साधी जेली एकाच रंगात, एकाच कपात करू नये. लहान मुलं असलेल्या घरी तर त्या दिवशी साधी जेली करूच नये, म्हणजे गल्लत व्हायला जागाच राहणार नाही.

जिलेटीन वापरलं असेल तर ते आधी सांगावं. दारू न घेणाऱ्या, गर्भवती, किंवा मधुमेहाच्या, झोपेच्या, फिटच्या गोळ्या घेणाऱ्या पाहुण्यांना तर 'एक चाखून बघ' असा आग्रह नकोच. कोणाला न सांगता दारू खाऊ घालणं ही मस्करी नाही.

कप हातात देताना दोन कपांमध्ये अंतर ठेवावं, सोबत पाणी आणि पोटभर जेवण असावं. ज्याला गाडी चालवायची आहे, त्याच्यासाठी वेगळं काहीतरी असावं.

आणि झोपण्याआधी ट्रेमधले कप मोजावेत. १६ केले, ११ संपले, तर ५ कुठे आहेत हे कळलं पाहिजे. उरलेले सिंकमध्ये गरम पाण्याखाली धरले की जिलेटीनची जेली मिनिटभरात विरघळून वाहून जाते. चायना ग्रासची असेल तर कुस्करून, मुलांच्या आणि जनावरांच्या तोंडी लागणार नाही अशा जागी टाकावी.

कारखान्याच्या दारात उसाची प्रत्येक गाडी काट्यावर चढते आणि डिस्टिलरीतून निघणाऱ्या प्रत्येक लिटरची नोंद होते. जेलीच्या ट्रेला असा काटा नसतो. तिथे मोजायचं काम ज्याने ती केली, त्याचंच.